सर्टिफिकेटवर सही एजन्सीची, पण विमा घ्यायचा अधिकार तिला होता का?

प्रश्न थोडक्यात असा. रबाळे एमआयडीसीत पॅकेजिंगचा कारखाना असलेल्या एका उद्योजकाने इटलीतून एक वापरलेलं, तिकडेच दुरुस्त करून दिलेलं यंत्र घेतलं आहे. किंमत २,४०,००० युरो, सौदा सीआयएफ न्हावा शेवा (म्हणजे तिथपर्यंतचं जहाजभाडं आणि विमा विकणाऱ्याकडे), पैसे एलसीवर (कागद नियमाप्रमाणे दिसले की पैसे द्यायची बँकेची हमी). विकणाऱ्याने विमा सर्टिफिकेटची प्रत आगाऊ पाठवली. त्यावर रक्कम २,६४,००० युरो, विमा लंडनच्या ‘लॉइड्समधील काही अंडररायटर्स’चा (अंडररायटर म्हणजे जोखीम स्वीकारून विमा देणारा), आणि सही मिलानमधल्या एका एजन्सीची. बँकेच्या माणसाने प्रत पाहून ‘चालेल’ म्हटलं. कारखान्याच्या सीएंनी मात्र विचारलं, की या एजन्सीला अंडररायटर्सच्या वतीने सही करायचा अधिकार आहे हे कशावरून? एजन्सीला मेल केला, तर तिने स्वतःच्याच लेटरहेडवर ‘आम्ही अधिकृत आहोत’ असं पत्र धाडलं. जहाज अजून सुटलेलं नाही. आता काय करायचं?

तुमच्या सीएंचं कौतुक करायला हवं. हा प्रश्न बहुतेकांना यंत्र मोडून हातात आल्यावर पडतो. मी आधी एका विमा कंपनीच्या मरीन, म्हणजे मालवाहतुकीच्या विम्याच्या, खात्यात होतो, नंतर ऐरोलीत लंडनच्या बाजारासाठी काम करणाऱ्या एका ऑफिसात. तिथे आमचं रोजचं काम हेच असायचं: परदेशातल्या एजन्सीने अंडररायटरच्या नावावर घेतलेली जोखीम तिच्या अधिकारात बसते का, ते तपासायचं. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी बँकेचं ‘चालेल’ बाजूला ठेवा. एलसीचे नियम म्हणजे यूसीपी ६००. त्यातलं कलम २८ सांगतं की विम्याचा कागद विमा कंपनीने, अंडररायटरने किंवा त्यांच्या एजंटाने सही केलेला दिसला पाहिजे, आणि एजंटाने सही केली असेल तर ती कोणाच्या वतीने केली हे लिहिलेलं असलं पाहिजे. नुसती कव्हर नोट, म्हणजे विम्याची तात्पुरती चिठ्ठी, चालत नाही. रक्कम किमान ११० टक्के हवी, आणि तुमची ती बरोबर आहे. पण इथे महत्त्वाचा शब्द ‘दिसला’. बँक कागदाचा चेहरा बघते. सही करणाऱ्याला खरोखर अधिकार होता का हे तपासणं तिचं काम नाही, आणि कलम ३४ मध्ये ती तशी जबाबदारी स्पष्टपणे झटकते. बँकेने दोष काढला नाही एवढाच त्या ‘चालेल’चा अर्थ.

एजन्सीच्या पत्राचं तर विचारूच नका. नवी मुंबईत सिडकोच्या घरांचे कुलमुखत्यारपत्रावर झालेले व्यवहार आपण सगळ्यांनी पाहिलेत. मुखत्यार म्हणतो ‘मला अधिकार आहे’, म्हणून कोणी इसार देत नाही. मूळ पत्र बघतात, मालक हयात आहे का बघतात, पत्रात विकायचा अधिकार आहे की नुसता भाडं वसूल करायचा, तेही वाचतात. इथेही तसंच. अधिकार आहे की नाही हे ज्याने तो दिला त्याच्याच तोंडून कळलं पाहिजे. ज्याने घेतला त्याचं म्हणणं पुरावा होत नाही, लेटरहेड कितीही देखणं असो.

आता अधिकार देणारा कोण, इथे लोकांचा गोंधळ होतो. लॉइड्स ही विमा कंपनी नाही, तो बाजार आहे. जोखीम घेतात ती सिंडिकेट्स, म्हणजे पैसा लावणाऱ्यांचे गट, आणि सिंडिकेटचा कारभार मॅनेजिंग एजंट कंपनी बघते. दूरदेशी छोटी-मोठी जोखीम स्वतः तपासत बसण्याऐवजी मॅनेजिंग एजंट एखाद्या स्थानिक एजन्सीशी करार करतो, की अमुक मर्यादेत तू आमच्या नावावर विमा दे. त्या एजन्सीला कव्हरहोल्डर म्हणतात आणि त्या कराराला बाइंडिंग अथॉरिटी, बोलताना ‘बाइंडर’. एजन्सीला कव्हरहोल्डर म्हणून मान्यता लॉइड्स देतं. अधिकार मात्र बाइंडर देतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमच्या प्रश्नाचं जवळपास सगळं उत्तर त्या फरकात आहे.

म्हणजे तपासणीच्या तीन पायऱ्या झाल्या. एजन्सीला विम्याचा धंदा करायचा परवाना आहे का, हे इटलीच्या विमा नियामकाच्या नोंदवहीत दिसेल. लॉइड्सने तिला कव्हरहोल्डर म्हणून मान्यता दिली आहे का, हे लॉइड्सच्या वेबसाइटवरच्या यादीत सापडेल. ही दोन्ही कामं जेवणाच्या सुट्टीत होतील, ती करूनच टाका. पण नव्वद टक्के लोक इथेच थांबतात आणि ‘व्हेरिफाय केलं’ म्हणतात. तिसरी पायरी, म्हणजे तुमच्या यंत्राचा विमा एखाद्या चालू बाइंडरमध्ये बसतो का, ही कुठल्याच सार्वजनिक यादीत नसते. तो दोन पक्षांमधला खासगी करार आहे. यादीत नाव असलेली एजन्सी मोटारीचे किंवा हॉटेलांचे विमे द्यायला अधिकृत असेल, आणि मरीनचा एक कागदही काढायची तिला मुभा नसेल.

बाइंडरमध्ये काय काय असतं ते सांगतो, म्हणजे काय विचारायचं ते कळेल. कराराची मुदत, साधारण वर्षाची. कोणत्या प्रकारचे विमे. कोणत्या देशांतले विमाधारक, कोणते प्रवास. एका जहाजावर किंवा एका वाहनात जास्तीत जास्त किती रक्कम. वर्षाला एकूण किती प्रीमियम गोळा करता येईल. कोणता माल वर्ज्य. दर एजन्सीने ठरवायचे की अंडररायटरने दिलेल्या तक्त्यातूनच लावायचे. आणि माणसांची नावं. हो, नावं. जोखीम स्वीकारू शकणाऱ्या व्यक्ती करारात नावानिशी लिहिलेल्या असतात. कागद काढून देणाऱ्यांची यादी वेगळी, क्लेम मंजूर करायचा अधिकार आणखी वेगळा, आणि तो बरेचदा एजन्सीला दिलेलाच नसतो.

तुमच्या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकलं ते ‘वापरलेलं यंत्र’. वापरलेली यंत्रसामग्री अंडररायटरांना फारशी आवडत नाही, कारण आधीचे ओरखडे कोणते आणि प्रवासातले कोणते यावर भांडण ठरलेलं. पुष्कळ बाइंडरांत असा माल एकतर वर्ज्य असतो, किंवा ‘आधी विचारून’ या सदरात असतो. म्हणजे एजन्सी स्वतःच्या जोरावर तो घेऊ शकत नाही. तिने प्रत्येक वेळी अंडररायटरला कळवायचं, त्याचा होकार घ्यायचा, मग सर्टिफिकेट काढायचं. तेव्हा पहिलं बघा, की सर्टिफिकेटवर मालाचं वर्णन काय आहे. नुसतं ‘पॅकेजिंग मशीन’ लिहिलं असेल आणि इन्व्हॉइसवर ‘रीकंडिशन्ड’ असेल, तर अधिकाराच्या आधी माहिती दडवल्याचा मुद्दा उभा राहील. वर्णन दुरुस्त करून घ्या. त्या दुरुस्तीच्या निमित्तानेच अंडररायटरचा होकार कागदावर मागता येतो.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे ‘लॉइड्समधील काही अंडररायटर्स’ हे शब्द. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार म्हणून लॉइड्सने ब्रसेल्समध्ये स्वतंत्र विमा कंपनी काढली, लॉइड्स इन्शुरन्स कंपनी एस.ए. या नावाची, आणि १ जानेवारी २०१९ पासून युरोपीय संघातल्या ग्राहकांचे नवे विमे तिच्या नावावर जाऊ लागले. तुमचा विक्रेता इटलीतला, एजन्सी इटलीतली, मग कागदावर ब्रसेल्सच्या कंपनीचं नाव का नाही? याला रीतसर कारण असू शकतं, उदाहरणार्थ पॉलिसी विक्रेत्याच्या इंग्लंडमधल्या मूळ कंपनीने घेतलेली असेल. किंवा एजन्सी जुनाच छापील नमुना वापरत असेल. घाईने संशय घेऊ नका, पण प्रश्न विचाराच. कारण विमा देणारा नेमका कोण हेच ठरलं नाही, तर खातरजमा तरी कोणाकडे करणार?

कागदावर करार क्रमांक शोधा. लंडन बाजारात प्रत्येक कराराला एक संदर्भ क्रमांक असतो, यूएमआर म्हणतात. ‘बी’ हे अक्षर, मग ब्रोकरचा चार आकडी क्रमांक, मग जास्तीत जास्त बारा अक्षरं किंवा अंक. सर्टिफिकेटचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो, गल्लत करू नका. यूएमआर नसेल तर एजन्सीकडे मागा. जी एजन्सी तो द्यायला टाळाटाळ करते तिच्याबद्दल मी तरी सावध होईन, कारण त्यात गुपित काही नाही. तो क्रमांक देऊन कराराची कलमं उघड होत नाहीत.

त्याबरोबर सिंडिकेट्सची यादी आणि प्रत्येकाची टक्केवारी मागा. एका बाइंडरवर बरेचदा तीन-चार सिंडिकेट्स असतात आणि प्रत्येक जण आपापल्या हिश्शापुरताच बांधील असतो. एकाने पैसे दिले नाहीत तर दुसरा भरत नाही. टक्क्यांची बेरीज करा. ती १०० होत नसेल तर उरलेला हिस्सा कोणाचा? कधी तो वेगळ्या करारावर दुसऱ्या कंपनीचा असतो, आणि मग खातरजमा दोन ठिकाणी करावी लागते.

आता एक शक्यता सांगतो, जिच्यामुळे ही सगळी धावपळ थोडी सोपी होईल. मरीनमध्ये निर्यातदाराची वर्षभराची ओपन कव्हर पॉलिसी असते. वर्षात जेवढा माल जाईल तेवढा तिच्यात आपोआप येतो, आणि प्रत्येक खेपेचं सर्टिफिकेट निर्यातदाराचा क्लार्कच पोर्टलवर माहिती भरून छापतो. एजन्सीची सही आधीच छापलेली असते. तुमचं सर्टिफिकेट तसं असेल, तर ‘मिलानच्या एजन्सीने हे यंत्र स्वीकारलं का’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. तिने वर्षाच्या सुरुवातीला ओपन कव्हर स्वीकारलं होतं. तेव्हा तिला अधिकार होता का, आणि तुमची खेप त्या कव्हरच्या अटींत बसते का, हे दोन प्रश्न उरतात. कागद काढून द्यायची मुभा आणि जोखीम स्वीकारायचा अधिकार या निराळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याला सरळ विचारा, की हे ओपन कव्हरखालचं सर्टिफिकेट आहे की फक्त या खेपेपुरतं? याचं उत्तर त्याला एका मिनिटात देता येतं.

याची वाईट आवृत्तीही असते. फॉरवर्डरच्या, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्याच्या, टेबलावर कोऱ्या सर्टिफिकेटांचा गठ्ठा, आणि तो एजन्सीच्या नावाने भरून देतोय. कव्हरहोल्डरला मिळालेला अधिकार पुढे तिसऱ्याला देता येत नाही, करारात तशी स्पष्ट परवानगी असल्याशिवाय. आपल्या भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं कलम १९० हेच सांगतं.

आता प्रत्यक्ष विचारायचं कोणाला आणि कसं. सर्टिफिकेटवर छापलेला फोन किंवा ईमेल वापरू नका. खोटा कागद करणारा खोटा नंबरही छापतो. मॅनेजिंग एजंटची, किंवा ब्रसेल्सच्या कंपनीची, वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथला पत्ता घ्या. विमा घेणारा विक्रेता असल्यामुळे त्याच्या ब्रोकरमार्फत विचारणा गेली तर उत्तर लवकर येतं, पण उत्तराची प्रत थेट अंडररायटरकडून तुमच्याकडे यावी असा आग्रह धरा. मधल्या माणसाने पुढे धाडलेला मेल म्हणजे पुन्हा त्याचाच शब्द.

आणि प्रश्न नीट विचारा. ‘अमुक एजन्सी तुमची कव्हरहोल्डर आहे का?’ असं विचारलंत तर ‘हो, आहे’ असं गोड उत्तर येईल आणि तुम्ही होता तिथेच राहाल. असं लिहा: या क्रमांकाचं सर्टिफिकेट, या यूएमआरखाली, या तारखेला, या वर्णनाच्या वापरलेल्या यंत्रासाठी, जेनोआ ते न्हावा शेवा आणि पुढे रबाळेपर्यंतच्या प्रवासासाठी, २,६४,००० युरोला काढलं आहे. हे तुमच्या वतीने, दिलेल्या अधिकारात काढलं आहे आणि तुम्ही त्याने बांधील आहात, हे कळवा. बंदर, क्रमांक तुमच्या कागदाप्रमाणे घाला. सोबत सर्टिफिकेटची प्रत जोडा. बाइंडरची प्रत मागू नका, ती कोणी देणार नाही आणि तुम्हाला तिची गरजही नाही. मर्यादा काय आहेत हे त्यांनी बघायचं. ते ‘बांधील आहोत’ म्हणाले, की मर्यादेचा प्रश्न तुमच्यापुरता मिटला.

उत्तर आलं नाही तर? गप्प बसणं म्हणजे होकार, असं विम्यात धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये एलआयसीच्या एका खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. ५०,००० रुपयांच्या विम्याचा अर्ज २७ डिसेंबर १९६० ला भरला, पैसेही दिले, आणि अर्जदार १२ जानेवारी १९६१ ला वारला. अर्ज मंजूर करायचा अधिकार डिव्हिजनल मॅनेजरचा होता आणि त्याने तो मंजूर केलेला नव्हता. पैसे घेऊन गप्प राहिल्याने करार होत नाही, असा निकाल लागला.

‘पण एजंटाने सही केली, आम्ही विश्वास ठेवला, मग कंपनी बांधील नाही का?’ हा पुढचा प्रश्न मला दर वेळी येतो. कधी बांधील असते. करार कायद्याचं कलम २३७ म्हणतं, की मालकाने, म्हणजे एजंट नेमणाऱ्याने, स्वतःच्या शब्दांनी किंवा वागण्याने तिसऱ्या माणसाचा समज करून दिला असेल की एजंटाला अधिकार आहे, तर मालक बांधला जातो. इंग्लंडच्या कायद्याचं तत्त्वही साधारण असंच आहे, आणि तुमच्या सर्टिफिकेटला बहुधा तोच कायदा लागू असेल. समज मालकाने करून दिला पाहिजे, एजंटाने नव्हे. १९९७ च्या हर्षद शाह विरुद्ध एलआयसी खटल्यात हप्ता एजंटाच्या हाती दिला होता. एजंटांनी हप्ते गोळा करू नयेत असा एलआयसीचा नियम होता, आणि एलआयसीने उलट समज होईल असं काही केलं नव्हतं, म्हणून कलम २३७ कामी आलं नाही. उलट बाजूचं कलम २०८ तुमच्या फायद्याचं आहे. एजंटाचा अधिकार काढून घेतला तरी तिसऱ्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही. आणि कलम २३५ प्रमाणे अधिकार नसताना मिरवणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पण मिलानच्या एजन्सीवर दावा ठोकायला कोण जाणार? ही कलमं वकिलाला उपयोगी. तुम्हाला जहाज सुटायच्या आत एक मेल उपयोगी.

मुंबईतल्या लॉइड्स एजंटला विचारून काम होईल, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. होणार नाही. लॉइड्सचे एजंट १८११ पासून जगभरच्या बंदरांत आहेत, सर्टिफिकेटवर त्यांचा पत्ता असतो, पण ते मालाचा सर्व्हे करतात. कोणाला विमा द्यायचा अधिकार आहे हे सांगणं त्यांच्याकडे नाही. मात्र माल खराब आला तर त्यांनाच आधी बोलवा. अधिकाराची शंका अनुत्तरित आहे म्हणून सर्व्हे लांबवू नका, आणि जहाज कंपनीला लेखी नोटीसही लगेच द्या. नुकसान वरून दिसत नसेल तर त्यासाठी तीन दिवस मिळतात. सीएफएसमधून, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामातून, कंटेनर बाहेर काढून कारखान्यात उघडेपर्यंत ते सहज निघून जातात.

इकडे विमा घेताना हाच प्रश्न छोट्या रूपात असतो. वाशीच्या ब्रोकरचा ‘कव्हर झालं’ हा व्हॉट्सॲप म्हणजे कव्हर नाही, कारण ब्रोकर तुमचा माणूस असतो, विमा कंपनीचा नव्हे. शाखेच्या मॅनेजरलाही रकमेची मर्यादा असते, वरच्या रकमेला वरच्या ऑफिसची मंजुरी लागते. आणि विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमामुळे प्रीमियम आधी पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. कंपनीची मेल आणि पैसे पोचल्याची पावती, दोन्ही हातात घ्या.

एक कडवट गोष्ट सांगायची राहिली. अधिकाराची खातरजमा झाली तरी तुमचा विमा पुरेसा असेलच असं नाही. इन्कोटर्म्स २०२०, म्हणजे सीआयएफसारख्या सौद्यांच्या अटी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान विमा, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘सी’ दिला तरी तो मोकळा होतो. आग, जहाज बुडणं, टक्कर, ट्रक उलटणं असे मोठे अपघातच मुख्यतः त्यात येतात. कंटेनर क्रेनवरून पडला, आत पाणी शिरलं, सुटे भाग चोरीला गेले, तर काही नाही. सर्टिफिकेटवर ‘ए’ (सर्वांत व्यापक विमा) आहे की ‘सी’ ते आजच बघा. ‘सी’ असेल तर मी अधिकाराच्या मागे फार न लागता इथल्या कंपनीकडून स्वतःच्या हिताचा वेगळा विमा घेईन, यंत्र वापरलेलं आहे हे सांगून आणि निघण्यापूर्वीचे फोटो जोडून.

‘ए’ असेल आणि हाच विमा ठेवायचा असेल, तर एलसीत दुरुस्ती मागा. दुरुस्तीला विक्रेत्याची संमती लागते, म्हणून ती जहाज सुटायच्या आधी. मजकूर असा, की विमा देणाऱ्याने सर्टिफिकेट क्रमांकासह दिलेलं लेखी कबुलीपत्र सादर करावं. हा मजकूर ४६ए या रकान्यात, लागणाऱ्या कागदपत्रांच्या यादीतच घालायला सांगा. जादा अटींच्या ४७ए रकान्यात ‘एजन्सी अधिकृत असावी’ अशी नुसती अट टाकली आणि तिच्यासाठी कागद नेमून दिला नाही, तर यूसीपीच्या कलम १४ प्रमाणे बँक ती अट लिहिलीच नाही असं समजते.